भोकाची कुळकथा

इतिहास लिहिणारे लोक असलेल्या वस्तूंचा इतिहास लिहितात. किल्ले, तोफा, नाणी, ताम्रपट यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. भोक ही मुळात नसलेली वस्तू. जिथे काहीतरी होते आणि आता नाही, त्याला आपण भोक म्हणतो. तेव्हा तिच्या वाट्याला इतिहास आला नाही यात नवल नाही. आपल्या भाषेतही छिद्राला मान असा नाहीच. दुसऱ्याचे दोष हुडकणाऱ्याला आपण छिद्रान्वेषी म्हणतो आणि डोके खाणाऱ्या माणसाला गिरमिटाची उपमा देतो. मात्र एका म्हणीने छिद्राची बूज राखली आहे. सोनारानेच कान टोचावे, असे आपले पूर्वज सांगून गेले. भोक कोणालाही पाडता येते, पण ते नेमके जागेवर, नेमक्या मापाचे आणि भोवतालच्या मांसाला इजा न होता पाडायचे असेल, तर तो हात वेगळा असावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

मी एक शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचा नाद. यंत्रशास्त्राशी माझा तसा संबंध नाही. परंतु एका कादंबरीत घरच्या घरी विमान बांधणारा माणूस आणायचे मनात आले आणि त्याच्या हाताला काम काय द्यावे म्हणून चौकशी करू लागलो. मला वाटले होते, असा माणूस दिवसभर पंख बांधत असेल. चौकशीअंती कळले ते असे, की त्याचा बहुतेक काळ भोके पाडण्यात जातो, आणि त्यातली सर्वांत अवघड भोके पुष्कळदा प्लॅस्टिकच्या चिमूटभर तुकड्यांत असतात. कादंबरी बाजूला राहिली. भोकाने मला धरले, ते आजवर सोडलेले नाही.

पुण्याच्या माणसाला ही कुळकथा फार दूर जाऊन शोधावी लागत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. त्या वस्तीत मणी सापडले. तांबड्या अकीकासारख्या दगडाचा मणी म्हणजे एवढासा खडा, पण त्यातून आरपार भोक गेल्याखेरीज तो मणी होत नाही. दगड पोलादाहून कठीण आणि हत्यार हाती फिरवायचे! गुजरातेत खंबायतेला ही कला अलीकडेपर्यंत हातकमानीवर चालत आली. टोकाला हिऱ्याची कणी बसवलेली सळई कमानीच्या दोरीने गरगर फिरवायची, मण्यावर पाण्याची धार थेंबथेंब सोडायची, आणि भोक एका बाजूने निम्मे पाडून मग मणी उलटा करून दुसऱ्या बाजूने त्याला भेटायचे. आरपार एका दमात गेले तर पलीकडच्या तोंडाशी टवका उडतो. वाचकांनी या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उष्णता काढून नेणे, घाई न करणे आणि पलीकडच्या तोंडाची काळजी घेणे. पुढे विमानापाशी पोहोचल्यावर त्या पुन्हा भेटणार आहेत.

आपल्या सुताराचा सामता हा त्याच कमानीचा भाऊ. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आणि रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आजही हिंडून पाहावे. पहिल्या ठिकाणी धातू ठोकून घडवणारे हात दिसतात, तर दुसऱ्या ठिकाणी जगातल्या यच्चयावत मापांची ड्रिले पुड्यांत बांधून ठेवलेली आढळतात. आज आपण ज्याला ड्रिल म्हणतो ती पिळाची सळई अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये पेटंट केली. त्याआधी ड्रिल म्हणजे चपटे, भाल्याच्या पात्यासारखे टोक होते. भोकातला किस बाहेर काढण्यासाठी ते घटकाघटकाने वर उचलावे लागे. मोर्सच्या पिळातून किस आपोआप वर चढू लागला. ही युक्ती पोलादासाठी निघाली होती, आणि पोलादावर ती उत्तम चालली. प्लॅस्टिकचे युग अजून उजाडायचे होते.

आता विमानाकडे वळू. पुणेकरांना हडपसरचे ग्लायडिंग सेंटर ठाऊक आहे. १९६१ साली प्रथम उडालेली 'रोहिणी' ही भारतीय बनावटीची ग्लायडरे तिथल्या आकाशात घिरट्या घालताना अनेकांनी पाहिली असतील. लाकूड, प्लायवूड आणि कापड यांचे ते पाखरू. अशा साध्या विमानात वैमानिकाच्या हातातली दांडी आणि पंखाच्या मागच्या कडेचा हलता फलक यांच्यामध्ये काय असते? पोलादी तार, कप्प्या, तरफा आणि सांधे. दांडी ओढली की तार सरकते, कप्पीवरून वळते, तरफेला ओढते आणि फलक उचलतो. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पहिले उड्डाण केले तेही तारांनी पंख पिळूनच. मोठी विमाने पुढे द्रवदाबावर आणि विजेवर गेली, पण घरी बांधलेली लहान विमाने पुष्कळ अंशी अजूनही या तारांवर नाहीतर सळयांवर चालतात.

जिथे तार वळते, घासते किंवा सळई फिरते, तिथे धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये काहीतरी मऊ, गुळगुळीत आणि न गंजणारे घालावे लागते. पूर्वी तिथे लाकूड किंवा पितळ असे. लिओ बेकलँड याने १९०७ साली बेकेलाइट शोधून काढले, आणि त्याच जातीच्या राळेत कापडाचे थर दाबून कप्प्या होऊ लागल्या. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले, १९६० मध्ये डेल्रिन बाजारात आले. ही द्रव्ये वजनाने हलकी असून त्यांना तेल-वंगण फारसे लागत नाही. तारेला वाट दाखवणाऱ्या कड्या, फिरत्या नळीला धरणारे ठोकळे, सांध्यातली बुशे या जागी ती अलगद येऊन बसली. आणि या प्रत्येक तुकड्याचा सारा उपयोग त्याच्या मध्यभागी जे नाही त्यात आहे. ठोकळा केवळ भोकाला धरून ठेवण्यासाठी असतो.

भोसरीच्या एका लहानशा यंत्रशाळेत एक वयस्क टर्नर आहेत. त्यांना मी विचारले, "काका, प्लॅस्टिक तर लोखंडापेक्षा मऊ. मग त्यात भोक पाडणे सोपे नव्हे काय?"

ते हसले. म्हणाले, "सर, लोखंड दगा देत नाही. ते कठीण आहे, पण सरळ आहे. प्लॅस्टिक तुम्हाला हो म्हणतं आणि मागून आपलंच करतं."

मग त्यांनी शेगड्यात एक्रिलिकचा तुकडा धरून एक नवे कोरे ड्रिल त्यावर चालवले. ड्रिल क्षणभर कुरकुरले आणि एकदम खाली ओढले गेले. पलीकडच्या तोंडाशी नखाएवढा टवका उडाला होता आणि भोकाभोवती बारीक पांढऱ्या भेगा दिसत होत्या. "बघा," ते म्हणाले, "ड्रिलच्या धारेला पुढे वाक असतो. लोखंडात तो कापतो, इथे तो स्क्रूसारखा आत शिरतो." त्यांनी ड्रिल काढले, ऑइलस्टोनवर धारेचा तो वाक घासून सपाट केला आणि दुसरे भोक पाडले. या खेपेला त्यांनी खाली लाकडाची फळी घेतली होती, दर दोन-तीन मिलिमीटरांनी ड्रिल वर काढून किस झटकला आणि साबणाचे पाणी सोडले. भोक काचेसारखे स्वच्छ आले. मला खंबायतेचे मणीकार आठवले. पाणी, सबुरी आणि पलीकडचे तोंड!

त्यांनी हाताने दाखवले त्याची कारणे मी मागून पुस्तकांत वाचली. ॲल्युमिनियम जितकी उष्णता वाहून नेते, तिच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकीच एक्रिलिक वाहून नेते. तेव्हा घर्षणाची सारी उष्णता भोकाच्या कडेशीच साचते. कड वितळते, ड्रिलला चिकटते, आणि गार झाली की आकसते. म्हणून एक्रिलिकसाठी ड्रिलचे टोकही बदलतात. नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो, एक्रिलिकसाठी तो ६० ते ९० अंशांपर्यंत निमुळता करतात, म्हणजे पलीकडे बाहेर पडताना ते हळूहळू पडते. नायलॉन आणि पॉलिथिन यांची खोड निराळी. ती ड्रिलपुढे किंचित दबतात आणि ड्रिल निघून गेले की पुन्हा पसरतात. दहा मिलिमीटरच्या ड्रिलने पाडलेले भोक दहाचे राहत नाही, थोडे लहान भरते. शिवाय ड्रिलचे भोक पुरते गोल असतेच असे नाही. म्हणून नेमके भोक हवे असेल तर ते आधी मुद्दाम लहान पाडावे आणि मग रीमर नावाच्या अनेक धारांच्या हत्याराने हलक्या हाताने मापावर आणावे, अशी रीत आहे. यंत्रकामातल्या एका सर्वमान्य मापश्रेणीप्रमाणे दहा मिलिमीटरचे भोक फार तर पंधरा सहस्रांश मिलिमीटरने मोठे चालते. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पाचवा हिस्सा.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचा हिशेब सातवीतल्या मुलाला करता येईल असा आहे. फलकाच्या बिजागरीपासून तरफेचा सांधा तीस मिलिमीटरवर आहे आणि फलकाची मागची कड तीनशे मिलिमीटरवर, असे धरा. सांध्यातल्या भोकात एक दशांश मिलिमीटर सैलपणा राहिला, तर कडेशी तो दहापट, म्हणजे एक मिलिमीटर होतो. असे चार-पाच सांधे एकामागून एक असले की सैलपणाची बेरीज होते. वैमानिकाचा हात स्थिर, पण फलक आपल्या मनाने हलतो. वेग वाढला म्हणजे हा हलका खुळखुळा वाऱ्याच्या तालात सापडतो आणि फडफड सुरू होते. ती काही क्षणांत फलक उपटून काढू शकते. उलट भोक वाजवीपेक्षा घट्ट झाले तर दांडी अडते. उड्डाणापूर्वी प्रत्येक वैमानिक दांडी चारी दिशांना फिरवून ती मोकळी आहे ना हे पाहतो, ते उगाच नव्हे.

त्यात आपल्याकडचा पाऊस आणखी भर घालतो. नायलॉन पाणी पिते. साध्या दमट हवेत त्याचे वजन अडीच-तीन टक्के वाढते, पाण्यात बुडवून ठेवले तर नऊ टक्क्यांच्या आसपास. वजनाबरोबर मापही वाढते. बुश धातूच्या घरात दाबून बसवलेले असेल तर त्याला बाहेर फुगायला जागा नसते. मग ते आत फुगते आणि भोक लहान होते. चैत्रातल्या कोरड्या पुण्यात अगदी नेमके बसवलेले बुश आषाढात सळईला आवळून धरू शकते. डेल्रिन पाणी फार कमी पिते, म्हणून अशा जागी जाणते लोक ते पसंत करतात. तेव्हा माप घेतल्याबरोबर ते कोणत्या ऋतूत घेतले हेही लिहून ठेवावे, हा धडा मला या नायलॉनने दिला.

आणखी एक गोष्ट मला मोठी मजेची वाटली. त्याच विमानाच्या समोरच्या पारदर्शक एक्रिलिकच्या पडद्याला स्क्रूंसाठी भोके असतात, आणि ती मुद्दाम सैल ठेवतात. एक्रिलिक तापले की ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरते. एक मीटर लांबीचा पडदा उन्हात तापून वर थंड हवेत गेला आणि चाळीस अंशांचा फरक पडला, तर तो सुमारे पावणेतीन मिलिमीटर आकसतो, आणि खालची ॲल्युमिनियमची चौकट एक मिलिमीटरही आकसत नाही. भोक घट्ट असेल तर पडदा तडकणारच. नेमकेपणा म्हणजे घट्टपणा, अशी जी आपली समजूत असते ती इथे मोडते. जिथे जेवढी मोकळीक हवी तिथे तेवढीच ठेवणे याला नेमकेपणा म्हणतात. शाळेच्या शिस्तीविषयीही मला हल्ली असेच वाटू लागले आहे, पण तो विषय निराळा.

भोकाचा दुसरा अवगुण म्हणजे ते भोवतालच्या द्रव्यावर भार टाकते. जर्मनीत कीर्श नावाच्या अभियंत्याने १८९८ मध्ये गणिताने दाखवून दिले, की ताणलेल्या पत्र्यात एक गोल भोक पाडले तर त्या भोकाच्या कडेवरचा ताण इतर भागापेक्षा तिप्पट होतो. भोक लहान असो की मोठे, तिप्पटच. या तिपटीची किंमत जगाला १९५४ मध्ये कळली. १० जानेवारीस 'कॉमेट' हे ब्रिटिश जेट विमान इटलीजवळ एल्बा बेटानजीक कोसळून ३५ माणसे गेली. समुद्रातून अवशेष काढले, दुसरे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या अंगावर पुन्हा पुन्हा दाब दिला, आणि ३०५७ फेऱ्यांनंतर ते फाटले. समुद्रातल्या विमानाची चीर छतावरच्या एका खिडकीच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या भोकाशेजारून सुरू झाल्याचे आढळले. तिथला धातू कामगारांनी निवडलेला नव्हता आणि खिडकीचा आकारही त्यांनी ठरवलेला नव्हता. पण चिरेने घर केले ते भोकाच्या कडेशीच.

मोठ्या कारखान्यात एक माणूस भोक पाडतो, दुसरा मोजतो, तिसरा सही करतो. घरी विमान बांधणाऱ्याच्या बाबतीत हे तिघेही तोच. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना मिलवॉकी येथे काढली. तिथला कायदा असे विमान 'प्रायोगिक' म्हणून मान्य करतो. अट एवढीच, की निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः केलेले असावे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी मुंबईत कांदिवलीला आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. गच्चीवरून ते सुटे करून क्रेनने उतरवावे लागले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला सरकारी नोंदणी मिळाली. त्याआधी कित्येक वर्षे त्यांना सरकारदरबारी खेटे घालावे लागले. वर्तमानपत्रांनी गच्चीचे कौतुक केले, क्रेनचे छायाचित्र छापले, कागदपत्रांची कहाणी सांगितली, आणि ते योग्यच झाले. मला मात्र त्या गच्चीवरच्या दुपारी दिसत राहतात. विमान उडण्यापूर्वी तिथे किती भोके पाडली गेली असतील, आणि त्यातले मापात न बसलेले किती तुकडे टाकून द्यावे लागले असतील! त्यांची बातमी होत नाही.

सरकारने घरच्या विमानाकडे संशयाने पाहावे याचा आपल्याला राग येतो. पण भोकाच्या बाजूने विचार केला तर त्या संशयात तथ्य आहे. मोठ्यांचेही चुकते. २०२३ साली अमेरिकेतील व्हॅन्स या घरगुती विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या नामवंत कंपनीच्या ग्राहकांना आढळले, की लेझरने कापलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांत रिव्हेटच्या भोकांना काम करताना भेगा जात आहेत. बहुतेक भाग वापरण्याजोगे आहेत असा निर्वाळा कंपनीने चाचण्यांनंतर दिला, तरी लोकांना भाग बदलूनच हवे होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागावे लागले. हजारो विमाने ज्यांच्या सामानातून उडाली, त्यांना भोकाच्या कडेने गुडघ्यावर आणले.

या पार्श्वभूमीवर आपल्या एका लाडक्या कथेविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे आपण आवडीने सांगतो. त्या कथेशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिक शास्त्राच्या ग्रंथाची १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ च्या अलीकडचा आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांची जिज्ञासा खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु या कथेत उड्डाण आहे, टाळ्या आहेत, राजे-महाराजेही आहेत. एक कप्पी, एक सांधा, एक भोक मात्र नाही. ज्या विमानाची भोके सांगता येत नाहीत, त्याचे उड्डाणही इतिहासाला सांगता येत नाही.

उलट कोल्हापूरकडच्या हसूर गावी १९०८ साली जन्मलेले विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकले, बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. १९५८ मध्ये 'पुष्पक' उडाले. या विमानांचे नकाशे होते, मापे होती, आणि प्रत्येक मापाखाली कोणाची तरी सही होती. आज शाळेतल्या दहा मुलांना विचारा: तळपद्यांचे नाव चौघे सांगतील, घाटग्यांचे एखादाच. आपण मुलांना उड्डाणाची स्वप्ने दाखवतो, परंतु रीमर हातात देत नाही. माझ्या शाळेतल्या सुतारकामाच्या तासाला केव्हाच टाळे लागले.

घरी विमान बांधणाऱ्या माणसाचा विचार करताना मला म्हणून त्या जुन्या म्हणीची थोरवी नव्याने पटते. इथे सोनार तोच आणि कान टोचून घेणारे पोरही तोच. ठोकळ्यातले भोक एकदा सळईवर चढले की ते कोणाला दिसत नाही. आत ते गोल आहे की लंबगोल, कड वितळली होती की स्वच्छ कापली होती, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. रात्री अकरा वाजता दमलेल्या हाताने पाडलेले भोक मापात न बसता केसभर मोठे आले, तर तो तुकडा टाकून नवा घ्यायचा की चालवून घ्यायचे, हा प्रश्न त्याने एकट्याने सोडवायचा असतो. त्या काकांच्या यंत्रशाळेत शेगड्याखाली एक पत्र्याचा डबा होता, चुकलेल्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेला. मी तो न्याहाळत होतो, तेव्हा ते म्हणाले, "सर, हा डबा रिकामा असणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नका."